रबराची चकती

नाशकात रविवार कारंजापासून चार पावलांवर डॉ. सोनटक्के यांचा दातांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत आणि मागच्या खोलीत पुंजाराम दोंदे. पुढे खुर्ची, दिवा आणि भिंतीवर दातांचं रंगीत चित्र; मागे प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, दोन स्टोव्ह आणि कवळ्या उकळायचे पितळी डबे. कवळी तोंडात बसली की माणूस डॉक्टरांना नमस्कार करून निघून जाई. ती घडवणारा माणूस मागे घाम पुसत बसलेला असतो हे फार थोड्यांना ठाऊक होतं. पुंजारामला त्याचं काही वाटत नसे. आपण केलेले दात कुणीतरी हसताना दिसले की त्याला तेवढं पुरे.

हे काम तो देवळालीच्या लष्करी छावणीत शिकला होता. तिथे दातांच्या विभागात झाडलोट करायला म्हणून लागला आणि एका केरळी हवालदाराच्या हाताखाली कवळ्या करू लागला. त्या हवालदाराची एक सवय पुंजारामने उचलली. तोंडाच्या मापावरून प्लास्टरचा जो साचा निघतो तो कवळी झाली की सगळे फेकून देतात. हवालदार फेकू देत नसे. "माणूस दुसऱ्यांदा आला तर पहिल्यांदा त्याचं तोंड कसं होतं हे तुला कोण सांगणार?" असं तो विचारायचा. म्हणून पुंजाराम प्रत्येक साच्याच्या बुडाला पेन्सिलने नाव आणि तारीख घाली आणि फळीवर ठेवून देई. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत मागची खोली अशा पांढऱ्या जबड्यांनी छतापर्यंत भरली होती. डॉक्टर कधी वैतागून म्हणत, "अरे, हे स्मशान कशाला मांडून ठेवलंयस?"

पुंजारामला आईचा चेहरा आठवत नव्हता. त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, आक्काबाईने. घोटीला भाताच्या गिरणीत ती पाखडायच्या कामाला होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भावाला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते तिच्या सुपाने. पण घोटीत आक्काबाईला लोक ओळखत ते गिरणीमुळे नव्हे. ती गायची. जयंतीला, विजयादशमीला, कुणाच्या लग्नात, बौद्धवाड्यात पेटी उघडली की आधी आक्काबाईला बोलावणं जाई. पहिल्या ओळीतच मागे उभ्या असलेल्या माणसांच्या गप्पा थांबत. इगतपुरी, अस्वलीपासून लोक तिला गाडीभाडं देऊन नेत.

बेचाळिसाव्या वर्षी तिचे दात गेले. हिरड्यांतून पू यायचा, दात हलायचे. एकेक करून सगळे काढावे लागले. त्र्याहत्तर साली पुंजारामने तिची कवळी केली. माप घेताना आक्काला सारखे उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुंजारामला ते बघवेना. तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, मागची कड थोडी आखूड घेऊ." डॉक्टर "घे" म्हणाले.

कवळी दिसायला सुरेख झाली. त्याच वर्षी विजयादशमीला आक्का गायला उभी राहिली. वरच्या सुरावर तिने तोंड उघडलं आणि वरची कवळी खाली आली. तिने पदराने झाकली, पण पुढच्या पोरांनी पाहिलं होतं. पोरं हसली. पेटीवाला बिचारा तसाच वाजवत राहिला. आक्का खाली उतरली आणि बायकांत जाऊन बसली. पुंजाराम तिथेच होता. घरी गेल्यावर तिने त्यालाच समजावलं, "तुझी खोट नाय रे. माझं तोंडच तसलं हाय. आता वय झालं, किती दिवस गायचं?"

त्यानंतर वर्षभर ती कुठे गायली नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मुंबईहून एक विक्रेता दवाखान्यात आला. त्याच्या बॅगेत छोट्या लाल चकत्या होत्या, चार आण्याच्या नाण्याएवढ्या, रबराच्या. कवळीच्या आतल्या बाजूला एक गुंडी बसवायची आणि तिच्यात ही चकती अडकवायची. कवळी दाबली की चकती टाळूला चिकटते आणि मग काही केलं तरी पडत नाही. "परदेशात लाखो लोक वापरतात," तो म्हणाला. डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या वकिलाला लावून पाहिली. वकिलाने खुर्चीत बसल्या बसल्या शेंगदाणे खाऊन दाखवले.

पुंजाराम त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांसमोर उभा राहिला. दवाखान्यातल्या सहा वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. "साहेब, एक चकती बहिणीला पाहिजे."

"एक कशाला, दोन घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "बदलायला लागते अधूनमधून."

पंच्याहत्तरच्या एप्रिलात, जयंतीच्या कार्यक्रमात, आक्काबाई पुन्हा उभी राहिली. सुरुवातीला ती जपून गात होती, ओठ अर्धेच उघडत होती. मग कवळी जागची हलत नाही अशी खात्री पटली असावी. तिने मान वर केली आणि आवाज सोडला. पुंजारामची बायको सुमन शेजारी बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं तर तो खाली मान घालून डोळे पुसत होता. कार्यक्रम झाल्यावर आक्का त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "पुंजा, लय दिसांनी पोटातून आवाज निघला." त्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याला इतका अभिमान कशाचाच वाटला नव्हता.

चकतीची कीर्ती पसरली. दवाखान्याबाहेर 'न पडणारी कवळी येथे बसवून मिळेल' अशी पाटी लागली. सिन्नर, निफाड, पंचवटी, कुठून कुठून लोक येऊ लागले. डॉक्टरांचाही वेळ वाचू लागला. पूर्वी एक माप नीट यायला दोन-दोन, तीन-तीन बैठका लागत. आता माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चकती सांभाळून घेई.

सत्याहत्तर साली पंचवटीतल्या वत्सलाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका तडकलेली कवळी घेऊन आल्या. नवं माप घेतलं, साचा ओतला. पुंजारामने तो हातात घेतला आणि त्याचं बोट टाळूच्या मध्यावर थांबलं. तिथे खड्डा होता. त्याने फळीवरून बाईंचा चौऱ्याहत्तरचा साचा शोधून काढला. त्यात तीच जागा सपाट होती. दोन्ही साचे खिडकीशी शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत बसला. खड्ड्यात हरभऱ्याची डाळ बसली असती.

त्या वर्षी चकतीची आणखी पाच माणसं दुरुस्तीला आली. प्रत्येकाचं त्याने जुनं-नवं ताडून पाहिलं. पाचांतल्या चौघांना खड्डा होता. तो दोन साचे घेऊन पुढच्या खोलीत गेला.

डॉक्टरांनी ते फिरवून पाहिले. "दाब पडतो तिथे थोडं बसणारच. कुणी दुखतं म्हणालं का?"

"नाही, साहेब."

"कवळी सैल झाली म्हणालं?"

"नाही."

"मग? लोक खूश आहेत. तुझे हे साचे बघायला लागलो तर दवाखाना बंद करावा लागेल."

पुंजाराम मागे आला. दोन्ही साचे त्याने फळीवर ठेवून दिले. आपण कवळ्यांचे मेकॅनिक, ते डॉक्टर. त्या दिवाळीला तो घोटीला गेला तेव्हा त्याने आक्काला कवळी काढायला लावली आणि टाळू पाहिली. मध्यभागी लाल वर्तुळ होतं.

"झोपताना काढून ठेवत जा," तो म्हणाला.

"मला बाई बिनदाताचं झोपवत नाय. आणि दुखत कुठं हाय?"

आक्का मिश्री लावायची. लाली मिश्रीचीच असेल, असं पुंजारामने स्वतःला सांगितलं. पुढच्या महिन्यात तिला कसाऱ्याला गायला बोलावलं होतं. साडी नवी घेतली होती. तिच्या तोंडातली चकती काढून घ्यायचा धीर त्याला झाला नाही. पुढे आयुष्यभर त्याला बाकी काही आठवो न आठवो, ती दिवाळीची सकाळ मात्र नेमकी आठवत राहिली.

ऐंशीच्या जुलैत आक्का एसटीने नाशकाला आली. घरात शिरताना "पुंजा" म्हणाली ते नाकातून. सर्दी झाली असेल असं सुमनला वाटलं. तिने चहा दिला. पहिल्याच घोटाला आक्काने पदर नाकाला लावला. दुसऱ्या घोटालाही लावला. सुमनने पाहिलं, पदराला चहाचा डाग पडला होता.

पुंजारामने तिला खिडकीशी बसवलं आणि बॅटरी लावली. लाल वर्तुळाच्या जागी आता भोक होतं. पेन्सिल आत जाईल एवढं, आरपार नाकात उघडलेलं. त्याने बॅटरी विझवली.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून," आक्का म्हणाली. "आधी वाटलं सर्दी हाय. जयंतीला गायला गेले तर निम्मा आवाज नाकातच ऱ्हायला. मंग लाज वाटली कुणाला सांगायला."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले. मग त्यांनीच चिठ्ठी दिली आणि पुंजाराम तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे मांसाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. बाजूची कातडी ओढून भोक शिवलं. बाराव्या दिवशी टाके तुटून भोक पुन्हा उघडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा करून बघू. आक्का म्हणाली, "आता नको बाई. घरी जाऊ द्या."

मग भोकावर झाकण बसेल अशी कवळी करायचं काम पुंजारामकडेच आलं. या वेळी त्याने घाई केली नाही. आक्काला नाशकात ठेवून घेतलं, माप चारदा घेतलं. उमासे आले की थांबायचा, तिला नाकाने श्वास घ्यायला सांगायचा आणि पुन्हा घ्यायचा. मागची कड जिथवर जायला हवी तिथवर नेली, म्हणजे मागून हवा शिरून कवळी सुटणार नाही. चार दिवस आक्काने कळ काढली, पाचव्या दिवशी तिला सवय झाली. भोक बंद झालं, पाणी नाकातून यायचं थांबलं. आणि कवळी पडेना. सुमनने भाकरी दिली, आक्काने चावून खाल्ली. कवळी जागची हलली नाही. या कवळीला चकती नव्हती.

पुंजारामने त्र्याहत्तरचा साचा आणि पहिली कवळी शोधून काढली. पट्टी लावून पाहिलं. मागची कड दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड होती. दोन सूत मागे नेली असती तर त्या विजयादशमीला कवळी पडली नसती, आणि चकतीची कधी गरजच लागली नसती.

हे त्याने आठ दिवस पोटात ठेवलं. मग घोटीला तिला पोचवायला गेला तेव्हा ओट्यावर बसून सांगून टाकलं. "आक्का, ती चकती लागतच नव्हती. कड मी आखूड ठेवली होती. तुला उमासे येत होते म्हणून."

आक्का समोरच्या भाताच्या खाचरांकडे बघत होती. आवणी नुकतीच उरकली होती. ती म्हणाली, "तवा का नाय सांगितलंस, चार दिस कळ काढ म्हणून? काढली असती मी."

तिने त्याच्याकडे मान वळवली.

"लोकांच्या तोंडात अजून हाय ती?"

"आहे."

"मंग हितं काय बसलास?"

एवढं बोलून ती आत गेली. पुढे दोन महिने ती त्याच्याशी बोलली नाही. सुमन भेटून यायची, ख्यालीखुशाली सांगायची. पुंजारामचं नाव आक्का काढत नसे.

पुंजाराम डॉक्टरांकडे गेला. "साहेब, चकती बंद करा."

"बंद केली," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टेबलावर पाटी उतरवून ठेवली होती.

"आणि आधी लावल्या त्यांचं?"

"त्यांना बोलावून काय सांगू, पुंजाराम? की मी..."

"मी जातो," पुंजाराम म्हणाला. डॉक्टरांनी त्याला अडवलं नाही.

साच्यांवरची नावं त्याने वहीत उतरवली. त्रेसष्ट माणसं निघाली. मग दर रविवारी सायकलला पिशवी अडकवून तो निघे. लांब असलं तर एसटी. पिशवीत वत्सलाबाईंचे दोन साचे आणि बॅटरी. दार उघडलं की सांगायचा, "दवाखान्यातून आलोय. तुमची टाळू बघायची आहे."

सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं असं नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात चतुराबाई नावाची बाई बसायची. ती म्हणाली, "चांगले दात दिलेत ते माघारी कशाला मागता? बाजारात तोंड उघडलं आन् दात पडले तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" पुंजाराम मेथीच्या जुड्यांशेजारी उकिडवा बसला आणि दोन्ही साचे तिच्या हातात दिले. चतुराबाईने नव्या साच्यातल्या खड्ड्यात अंगठा घालून पाहिला, मग जिभेने स्वतःची टाळू चाचपली. तिचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी ती दवाखान्यात आली. पुंजारामने तिची कवळी नव्याने केली, मागची कड पुरी नेऊन. तिला ती सोसायला तीन आठवडे लागले आणि तीन आठवडे तिने त्याला शिव्या दिल्या.

इगतपुरीला चिमाजी नावाचे रेल्वेतले निवृत्त गँगमन होते. पुंजाराम पोचला तेव्हा त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. सुनेने पाणी दिलं. कशाने गेले असं त्याने विचारलं.

"खात नव्हते," ती म्हणाली. "शेवटची दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचे. आम्हाला वाटायचं रागावलेत. एकदा मी अचानक समोर गेले तर नाकातून वरण येत होतं. मला म्हणाले, कुणाला सांगू नको. मग जेवायचंच सोडलं."

पुंजारामने तिला चकतीचं सांगितलं नाही. सांगून आता त्या बाईला काय मिळणार होतं? वहीत त्याने चिमाजींच्या नावापुढे फक्त 'भोक' असा शब्द लिहिला आणि स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघत बसला.

दोन वर्षांत त्रेसष्टांतली एकावन्न माणसं किंवा त्यांची घरं सापडली. चौदा जणांनी चकती आपणहून केव्हाच टाकून दिली होती. ते बरे होते. उरलेल्या सदतीसच्या सदतीस जणांना खड्डा होता; त्यांतल्या बारा जणांना जखम, आणि आक्का व चिमाजी धरून चौघांना आरपार भोक. यातल्या बहुतेकांना दुखत नव्हतं. हे त्याने वहीत वेगळं लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली रेघ मारली होती.

वही त्याने डॉक्टरांना दिली. डॉक्टरांनी ती घरी नेली, आठवड्याने परत आणली आणि बऱ्याच गोष्टी विचारल्या. त्र्याऐंशी साली पुण्यात दातांच्या डॉक्टरांची परिषद होती, तिथे त्यांनी हे वाचून दाखवलं. छापलेला कागद पुंजारामला दिला. सगळे आकडे बरोबर होते. 'आमच्या दवाखान्यातील निरीक्षणे' असं लिहिलं होतं.

"तुझं नाव घालायचं राहून गेलं," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरोखरच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"आक्काचं तर नाही ना घातलं?"

"नाही."

"मग राहू द्या."

सुमनला मात्र ते लागलं. ती म्हणाली, "दोन वर्षांचे रविवार तुमचे गेले आणि नाव त्यांचं." पुंजाराम तिला म्हणाला, पाटी लागली होती तेव्हाही नाव त्यांचंच होतं, शिव्याही त्यांनाच बसल्या असत्या.

पुढच्या वर्षी नवा विक्रेता आला. जबड्याच्या हाडात ठोकून बसवायची धातूची पाती त्याने आणली होती. त्यांच्यावर पक्के दात बसतात म्हणाला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पुंजारामला पुढच्या खोलीत बोलावलं. "यांच्याशी बोला," विक्रेत्याला म्हणाले.

पुंजाराम दारातच उभा राहिला. "किती जणांना बसवलीत?"

"शेकडो."

"सगळ्यात जुनं कुठलं? त्याला किती वर्षं झाली?"

"तसं बघून सांगावं लागेल."

"नंतर किती जण परत पाहिले? आले ते नव्हे. जे आले नाहीत, त्यांच्या घरी कुणी गेलं का?"

विक्रेता डॉक्टरांकडे बघायला लागला. डॉक्टरांनी पात्यांची पेटी उचलून त्याच्या पुढ्यात सरकवली. त्या दवाखान्यात पुढे कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिघांनाच लावायची आणि दोन वर्षं थांबायचं, असा शिरस्ता पडला.

आक्का दोन महिन्यांनी बोलायला लागली होती. एक दिवस ती स्वतःच नाशकाला आली आणि काही झालंच नाही अशा थाटात कवळीची कड घासून दे म्हणाली. बोलणं तिचं बरंचसं नीट झालं होतं. ओळखीच्या माणसाला फरक कळला नसता. पण लांब सूर धरला की झाकणाच्या कडेने हवा निसटायची. तिने घरात एकदा गाऊन पाहिलं. सुमनने ते दाराबाहेरून ऐकलं होतं. ती आत न जाता तशीच परत फिरली होती. त्यानंतर आक्का गायली नाही. जयंतीला ती बायकांत बसून टाळ्यांनी ठेका धरायची. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "घसा बसलाय."

शहाऐंशीच्या जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ती गेली. घोटीच्या विहारात शोकसभा झाली. गिरणीतल्या बायका बोलल्या, शेजारी बोलले. ती कष्टाळू होती, तिने भावाला शिकवलं, कुणाच्या अडीअडचणीला धावायची, असं सगळ्यांनी सांगितलं. एका तरुण कार्यकर्त्याने सभेचा समारोप केला. तो चांगला मुलगा होता, मनापासून बोलला. पण आक्काबाई गात असे हे त्याला माहीत नव्हतं, आणि सभेतल्या जाणत्यांपैकीही कुणी ते काढलं नाही.

पुंजाराम बोलायला उठला. "माझी बहीण," एवढं तो म्हणाला आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही. सुमनने हाताला धरून त्याला खाली बसवलं, आणि मग सगळे वंदनेला उभे राहिले.